जिन्याचं वळण

रात्री प्लॉटचा नकाशा टाकून मी घरी गेलो.
सकाळी चहा ओतेपर्यंत
यंत्रानं चाळीस घरं काढून ठेवली होती.
चाळीसही बरी, चाळीसही उजेडाची.
टेकडीचा उतार, समुद्राकडची बाजू, भूकंपाचे नियम,
सगळं जिथल्या तिथे.

वाल्पाराइसोत सपाट जमीन काय ती बंदरापाशी.
बाकी गाव एकमेकांच्या खांद्यांवर उभं,
रंगीत पत्र्यांची घरं
वाऱ्यात रात्रभर दात वाजवणारी.

एल्सिरा बाआमोंदे इथे एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन.
(पाटीवर तसंच लिहिलंय,
बदलायला कुणाला सवड झाली नाही.)
तिनं कपाळावरचा चष्मा खाली ओढला,
सतरावं घर पाहिलं, तेविसावं पाहिलं,
मग पडद्यावरच्या जिन्यावर नखानं टकटक केलं:
इथून माणूस वर जाईल.
खाली कसा आणणार?

मला कळलं नाही.
तिनं कपाटामागची जुनी ड्रॉइंगची फळी ओढली,
दुसरं टोक शिपाई निबाल्दोच्या हाती दिलं,
आणि दोघं पॅसेजच्या कोपऱ्यावर वळायला गेले.
फळी अडकली. भिंतीचा रंग खरवडला.

माझा बाप असाच अडकला होता, ती म्हणाली.
शेवटी खिडकीची चौकट काढली,
पेटीला दोर बांधले,
आणि सगळी गल्ली वर बघत असताना
तो हळूहळू खाली उतरला, पियानो उतरवतात तसा.
जन्मभर गोदीत हमाली केली होती त्यानं.
आईला त्याही वेळी हसू आलं.

मी टाइप केलं, एकच ओळ:
खांदेकऱ्यांना वळायला जागा हवी.
यंत्रानं विचारलं, खांदेकरी किती?
सहा, ती म्हणाली. गरिबाघरी चार.
मी सहा लिहिलं.
अकरा सेकंदांत
चाळीस घरांनी कूस बदलली.

छान झालं, असं मीच म्हणालो बहुतेक.
ती काही बोलली नाही. फळी जागेवर ठेवून आली.

महिनाअखेरीस उंदुरागाबाईंनी तिला आत बोलावलं,
काचेमागे बराच वेळ दोघींचे हात हलत होते.
बाहेर आल्यावर तिनं खोडरबर, पट्टी, स्वेटर
एका पिशवीत भरलं. एवढंच होतं.
मी विचारलं, अजून काय काय ठाऊक आहे तुला?
विचारताना माझी बोटं कीबोर्डवर होती.
ती तिनं पाहिली.
पिशवीची गाठ मारली.

आता माझं काम म्हणजे यंत्राला नीट विचारणं.
पगार तोच आहे, अजून तरी.
तेविसावं घर बांधून झालं. मी बघून आलो.
जिन्याच्या वळणावर रुंद, रिकामी जागा,
तिथे कुणीतरी जिरेनियमची कुंडी ठेवली आहे.

जुलैत, धुकं उतरलेलं असताना,
वरच्या टेकडीवर ती दिसली.
नगरपालिकेला जुन्या, नकाशात नसलेल्या
जिन्यांची मापं हवी आहेत, यंत्राला शिकवायला.
जिन्यामागे पैसे मिळतात.
गुडघे गेलेत, ती म्हणाली, आणि टेपचं एक टोक
माझ्यापुढे केलं: धर.

मी धरलं. ती वळणापर्यंत चढली, वाकली,
आकडा मोठ्यानं वाचला: ब्याऐंशी.
लिहिताना ऐंशी लिहिलं.
मी बघतच राहिलो.

असू दे, ती म्हणाली, टेप गुंडाळत.
हे अरुंद वाटलं तर ते पुढच्याला जरा सैल काढेल.
हिवाळ्यात माणसं जाड कोट घालून खांदा देतात.