अडतीस कट्टे

कारखान्यात वजन होतं ते तंबाखूचं.
मुकादम सकाळी तोलून देतो,
संध्याकाळी मोजून घेतो: हजार विड्या, चाळीस कट्टे.
सदतीस वर्षं तोंड शेजारणीशी बोलत राहिलं
आणि बोटांनी आकडा सांभाळला.
गेल्या उन्हाळ्यात मी चाळीस म्हणाले,
सुपात निघाले अडतीस.
"काय करलालीस गं नागमणी?" मुकादम हसला.
पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा.

सुनेनं रिक्षा केली, सात रस्त्याला नेलं.
डॉक्टर शिवलीला हत्तुरे, माझ्या धाकटीच्या वयाची.
आधी काट्यावर उभं केलं. एक्क्याऐंशी.
मग कमरेला टेप.
मग म्हणाली, तीन शब्द सांगते, ध्यानात ठेवा:
पेरू, शिडी, आणि

मधे ती बरंच बोलली.
पोटाची चरबी गप्प बसून राहत नाही मावशी,
तिची कुरबूर वर डोक्यापर्यंत जाते.
खाली भार हलका केला
तर वर उजेड टिकायला मदत होते,
हमी नाही देत, पण मदत होते.
मग विचारलं, ते तीन शब्द?
मी दोन दिले.
तिसऱ्याच्या जागी जीभ नुसतीच फिरत राहिली,
पडलेल्या दाताच्या जागी फिरते तशी.

छापील कागदावर अक्रोड होते, कसलंसं विलायती तेल,
आणि एक मासा, जो होटगीच्या तलावात कुणी पाहिला नसेल.
तिनं स्वतःच काट मारली.
तुमच्या डब्यात काय असतं ते सांगा.
जवस लिहिला. मेथी, शेपू, अंबाडी लिहिली.
ज्वारीची भाकरी, पण दीड.
शेंगाचटणी एक चमचा.
एक?
सपाट, म्हणाली.
सोलापुरात बसून हे सांगायला छाती लागते.

आणि उरलेलं खायचं नाही.
हे तिनं दोनदा लिहिलं, खाली रेघ ओढली.
तिला कुणी सांगितलं काय माहीत.
नातवानं टाकलेला घास, नवऱ्याच्या ताटातला भात,
पातेल्याच्या बुडाची आमटी,
फेकवत नाही म्हणून मीच.
म्हणजे या एक्क्याऐंशीत माझे किती?
बाकी सगळं घर आहे
माझ्या कमरेवर, बिनभाड्याचं.

अम्माचं उलटं झालं होतं.
आधी ती विसरली,
मग जाड झाली.
जेवून उठायची आणि उंबऱ्यात बसून
गल्लीला तेलुगूत ओरडून सांगायची,
सून मला उपाशी ठेवते.
वहिनी रडत दुसरं ताट वाढायची, मग तिसरं.
शेवटी तिला चौघांनी उचललं नाही, सहा लागले.
डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं नाही.
पोटापासून डोक्याकडे जाणारा रस्ता
तिकडून इकडेही येतो,
हे तिला माहीत असणारच.

तीन महिने झाले.
रात्री घरकुलाच्या मागच्या रस्त्यानं चार फेऱ्या,
चपला घासत, बरोबर शेजारची अंबव्वा,
ती चालते कमी, दम जास्त खाते.
पहिल्या आठवड्यात चटणीचा चमचा मी सपाट केला
आणि बोटाला लागलेलं चाटलं.
ते कागदावर नाही.

परवा लाइट गेली.
समोरचे माग एकदम थांबले,
इतकं शांत की कानच सापडेनात.
भिजवलेला जवस चावत बसले होते
आणि टाचणी.
कुठूनशी, अंधारातून,
टाचणी!
मोठ्यानं म्हणाले, नवरा दचकून उठला,
अंथरूण झटकू लागला.

आज काटा म्हणाला सत्त्याहत्तर आणि वर थोडं.
शिवलीलाबाई खूश. वहीत लिहीत होती.
मी म्हटलं, ते राहू द्या, तिसरा शब्द टाचणी होता ना?
तिनं पेन थांबवलं.
फाइल चाळली, मागे, पुढे.
मावशी, मी प्रत्येकीला वेगळे देते हो,
तुम्हाला कुठले दिले होते बरं?

मी परत येऊन सूप पुढ्यात घेतलं.
सोळा, सतरा.
अठरावा बांधताना दोरा दाताखाली धरला
आणि जरा थांबून
सतरा पुन्हा मोजले.