शाई नसलेला शिक्का

वडिलांनी माझं नाव थँकफुल ठेवलं.
आभार कोणाचे मानायचे, ते सांगायच्या आत गेले.
मागे राहिलं एक उतरतं मेज,
हंसाच्या पिसांच्या लेखण्या
आणि गावभरच्या नकला करायचं काम:
खरेदीखतं, मृत्युपत्रं, गलबतांच्या मालाच्या याद्या.
आमच्या कनेटिकटातल्या नदीलाही थेम्सच म्हणतात.
नाव बोटीतून आणलं, पाणी मात्र इथलंच.

पासष्ट साली कागदावर कर बसला.
कायदा मी वाचला नाही, ऐकला,
गिरणीत, पोत्यावर बसून, नंबर यायची वाट बघत.
मृत्युपत्र कराल तर शिक्का,
गलबत सोडाल तर शिक्का,
पत्ते पिसाल तरी शिक्का.
आणि शिक्क्याला शाई नाही म्हणे.
नुसता दाब.
कागदाच्या अंगावर उठलेला मुकुट,
डोळ्याला दिसे न दिसे, बोटाला कळे.

पिंपं बांधणारा जेरेड टिंकर म्हणाला,
न विचारता खिशात घातलेला हात
दोन पेन्सांसाठी असो की दोनशेंसाठी,
हातच तो.
आणि तीन हजार मैलांवरून शेळ्या हाकायच्या
तर उंट तरी किती उंच लागेल?
सगळे हसलो.
हसताना पहिल्यांदाच
एकमेकांची तोंडं नीट पाहिली.

ऑगस्टात चौकात पेंढ्याचा माणूस जाळला.
त्याच्या कोटाची बटणं मीच शिवली होती.
ज्याच्या नावाने जाळला, तो शिक्केवाला
दर गुरुवारी माझ्याकडून शाई नेई.
पैसे कधी बुडवले नाहीत त्याने.
पुढच्या गुरुवारी आला नाही,
आणि मीही बाटली भरून ठेवली नव्हती.

नोव्हेंबरात कोर्टाला कुलूप लागलं.
शिक्क्याचा कागद कोणी घेईना,
बिनशिक्क्याचा न्यायाधीश घेईना.
गावाला केवढा आनंद!

त्याच आठवड्यात मागच्या दाराने क्वाको आला.
कॅप्टन वेटमोरचा क्वाको,
धक्क्यावर काकवीची पिंपं उतरवणारा.
जिच्या करावरून आमची पहिली कुरकुर सुरू झाली
तीच काकवी;
तिच्या उसात, बेटावर, त्याची बहीण पुरलेली.
कॅप्टनने शब्द दिला होता, नाताळात मुक्तिपत्र.
मसुदा माझ्याच खणात होता, चार ओळींचा.
म्हटलं, शिक्का लागतो,
आणि शिक्का घ्यायचा नाही असं गावाने ठरवलंय.
तो मेणबत्तीकडे बघत राहिला.
"म्हणजे तुमचं होईपर्यंत माझं थांबणार."
मी लेखणी पुसली.
ती स्वच्छच होती.

वसंतात कायदा मागे गेला. घंटा वाजल्या,
राजाच्या नावाने पेले उचलले गेले.
तोवर कॅप्टनचा शब्द
ताटातल्या चरबीसारखा थिजून गेला होता.

मग काच, रंग, शिसं, पुन्हा कागद, शेवटी चहा.
कर आले, त्यातले बरेच उठले,
वळ तेवढे राहत गेले.
बंदरात लाल डगले दिसले की पोरं दगड वेचू लागली.
समुद्रापलीकडच्या त्या देशाला
आम्ही आधी "घरी" म्हणायचो,
इथे जन्मलेलेसुद्धा.
कधीतरी "तिकडे" म्हणू लागलो.
नक्की कुठल्या दिवशी, कोणीच लिहून ठेवलं नाही,
मीही नाही.
मला वाटतं बंड त्याच दिवशी झालं,
बंदुका नंतर आल्या.

सत्त्याहत्तरच्या थंडीत क्वाको पुन्हा आला,
या वेळी पुढच्या दाराने.
कॅप्टनच्या मुलाच्या जागी पलटणीत चालला होता.
परत आलास तर सोडतो, असा नवा शब्द घेऊन.
म्हणाला, तो जुना कागद द्या.
सही नाही रे त्यावर, मी म्हटलं.
"असू दे. मेलो तर खिशात काय होतं
ते कोणीतरी वाचेल."

घडी घालून टोपीच्या अस्तरात ठेवला
आणि मेजावर तांब्याची दोन नाणी मोजली.
मी सरकवली परत.
त्याने पुन्हा पुढे केली.
"फुकट नको, बाई.
फुकट दिलेलं लोक परत मागतात."

नाण्यांवर राजाचं तोंड होतं,
झिजलेलं.
मी पावती लिहून दिली.