पाचवी सही

बुरुलबाईंच्या टेबलावर मेणकापड आहे,
त्यावर निळी द्राक्षं,
आणि द्राक्षांवर तुर्सुनायचे तीन कागद.
बाई चष्म्याची मोडकी काडी दोऱ्याने कानाला बांधतात.
शाळेतून निवृत्त होताना त्यांनी एकच वस्तू मागून आणली :
लाकडी मण्यांची चौकट.
आता गावातलं प्रत्येक कर्ज
आधी त्यांच्या बोटांखालून जातं.

तुर्सुनायला लोकर पिंजायचं यंत्र हवंय.
नारिनच्या बाजारात एक जुनं आलंय, ऐंशी हजार सोम.
हाताने पिंजून पिंजून
तिच्या अंगठ्याचं नख मुळापासून काळं पडलंय.

पहिला कागद फोनवरून कर्ज देणाऱ्यांचा.
त्यावरची छापील मुलगी हसतेय : दिवसाला फक्त एक टक्का.
'फक्त'खाली बाई पेन्सिलने रेघ मारतात,
आमच्या वह्यांत चुकीखाली मारायच्या तशी.
मणी सरकू लागतात. टक्. टक्.
महिन्याला तीस.
एक तार भरते, बाई खालची घेतात,
मग त्याखालची.
चहावर साय धरते.
"वर्षाने ऐंशी हजाराचे तीन लाख बहात्तर हजार," बाई म्हणतात,
"यंत्र लोकर पिंजेल, हे तुला पिंजतील."

सोम. नाव चंद्राचं, वागणंही तसंच :
हातात आला की कलेकलेने उतरतो,
देणं झाला की कलेकलेने चढतो.

दुसरा कागद बँकेचा. दर माणसात आहे,
पण पहिला हप्ता जानेवारीत.
बाई खिडकीबाहेर बघतात.
जानेवारीत खिंड बंद.
जानेवारीत मेंढीच्या अंगावरची लोकर
मेंढीचीच असते.
"हा कागद ज्याने टाइप केला,
त्याने मेंढी फक्त ताटात पाहिलीय."

तिसरा कागद गटाचा. पाच बायका, एकमेकींना जामीन.
हप्ते जूनपासून, लोकर कातरल्यावर;
मोठा हप्ता ऑक्टोबरात, जनावरांचा बाजार उठला की.
दर बँकेहून थोडा चढाच. बाई ते लपवत नाहीत.
चार सह्या झाल्यात :
तुर्सुनाय, कालिपा, उमसुनाय,
आणि कालिपाची सून अनारा, जिचं अक्षर अजून शाळकरी आहे.
पाचवी मी.

मला तुर्सुनायबद्दल सगळं माहीत आहे, अडचण तीच आहे.
नवरा रशियात रस्ते बांधतो, सणाला फोन करतो.
ती पीठ माझ्याच दुकानातून उधार नेते.
पैसे येतात; उशिरा, पण येतात.
एकदा पैशांऐवजी तिने नमद्याचे बूट आणून दिले,
अगदी माझ्या मापाचे.
माप मी कधी सांगितलं नव्हतं.

पण ती बुडाली तर?
तर तिच्या दारात ओरडायला कुणी साहेब येणार नाही.
आम्ही चौघीच जाऊ.
आणि नेमकं तेच
कागदावर कुठे लिहिलेलं नाही.

मी बाईंकडे बघते.
त्यांच्या कानांना भोकं आहेत, कुड्या नाहीत.
एका वर्षी त्यांनी न वाचता सही केली होती,
तेव्हा त्या गहाणवटीच्या दुकानात राहिल्या.
बाई हे कुणाला सांगत नाहीत.
सगळं गाव जाणतं.

"ऐंशी नको, साठ घे," मी म्हणते.
माझा आवाज मलाच दुकानदाराचा वाटतो.
"वीससाठी यंत्रवाल्याला थांबायला लावू.
त्याची साखर माझ्याकडून जाते."

तुर्सुनाय काळं नख दुसऱ्या मुठीत लपवते.
बाई चौकट तिरकी धरतात, एक झटका,
सगळे मणी एका कडेला.
मग साठपासून पुन्हा.

मी पेन मागते.
थंडीने शाई गोठलीय, पेन उमटत नाही.
अनारा ते तोंडाच्या वाफेवर धरते,
चोळते, पुन्हा धरते,
आणि मेणकापडावरच्या एका द्राक्षावर
गिरवून बघते.