चाळीस मिनिटं

वीगोच्या नगरपालिकेत, दुसऱ्या मजल्यावर,
मी बैठकांचं इतिवृत्त लिहिते. अकरा वर्षं झाली.
कोण काय म्हणालं एवढंच लिहायचं,
कसं म्हणालं ते नाही.

म्हणून दोसिंदाचा अंगठा कागदावर आला नाही.
सार्डिनची डोकी खुडून खुडून
त्याचं नख आता अर्धंच उगवतं.
ती म्हणाली, पाळी सुटते एक चाळीसला,
शेवटची बस एकला.
आम्ही चालतो. बंदराच्या कडेनं, सहा किलोमीटर,
अंगावर मीठ वाळत जातं.

कारखान्याचे रिआल म्हणाले,
बोटी काही घड्याळ बघून येत नाहीत.
हे मला पटलं. लिहिलं फक्त : पाळी हलवणे अशक्य.
नगरसेवक ब्रेइशो म्हणाले, बजेट,
आणि पाणी प्यायले.

चार बैठका घोडं तिथंच पेंड खात उभं.
पाचवीत रिआलनी डिझेलचा अर्धा खर्च उचलला,
अर्धा ब्रेइशोंनी, कुठल्याशा कारंज्याच्या दुरुस्तीतून.
दोसिंदानं जेवणाच्या सुट्टीतली दहा मिनिटं सोडली,
तेवढीच हात धुवायला लागतात.
बस निघेल एक चाळीसला.
सह्या झाल्या. फोटो निघाला.
त्यात कडेला मी आहे, अर्धी.

सोमवारी रात्री मुद्दाम गेले.
मी लिहिलेलं घडताना कधी पाहिलंच नव्हतं.
धुक्यात बस उभी, दिवे लावून.
बायका चढल्या, वासासकट.
कुणीतरी टाळ्या वाजवल्या, थकलेल्या, तीनचारच.

दार लावता लावता ड्रायव्हर म्हणाला,
डेपोतून आमची गाडी दीडला सुटते.
आता मी चालत.
हवामान सांगावं तसं म्हणाला. नाव शिआन.
मला कुणी विचारलं नाही, हेही म्हणाला,
पण ते गिअर टाकताना.

मागून दोसिंदा : किती किलोमीटर?
पाच.

बसमध्ये कुणी काही बोलेना.
मग ती उठून पुढे गेली, दांडा धरून त्याच्यापाशी उभी राहिली.
घरी पोचेपर्यंत दोघं काय बोलले
ते इंजिनात मला ऐकू आलं नाही.

सहावी बैठक गुरुवारी.
शेजारच्या खोलीतून एक खुर्ची ओढत आणली.
डुगडुगते.
पायाखाली पाचव्या इतिवृत्ताची
घडी घालून ठेवली आहे.