लिफ्टर

सित्र्याच्या कॅम्पमागं आता जुन्या टायरांचं गोडाऊन आहे.
तरी गुरुवारी रात्री आम्ही चौघं
कुंपणाशी पुठ्ठे टाकून बसतो,
जाळी जिथं होती तिकडं तोंड करून.
मुलांच्या व्हिसावर आलेले म्हातारे,
थर्मास नासीरभाईचा.

चिमणीवरचा जाळ तेवढा तोच.
तेव्हा दिव्यांना पैसे नव्हते; रिफायनरी
दाखवील तेवढाच चेंडू दिसायचा,
वारा फिरला की सावली चेंडूच्या आधी पोचायची.
पाहुण्या टीमा फसायच्या.
इदरीस नाही.

इदरीस ममतुले. दाभोळचा. पाच फूट चार.
कागदावर वेल्डरचा हेल्पर.
जाळीशी तो आमच्याकडं पाठ करून उभा राहायचा
आणि चेंडू त्याच्या बोटांवरून जायचा तो,
कसं सांगू,
झोपलेलं पोर या खांद्यावरून त्या खांद्यावर देतात ना,
तसा. आवाज नाही.
मग शिवलकर उडायचा, हाणायचा.
टाळ्या शिवलकरला.

धनावडे मास्तर गुहागरला पीटी शिकवायचे,
म्हणजे त्याच खाडीच्या पलीकडचे;
तिथं कधी गाठ पडली नाही, पडली ती इथं.
स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजता मोजता
त्यांनी ही दहा बोटं हेरली
आणि कायदा केला:
लिफ्टरनं बादली उचलायची नाही,
सिलिंडरला हात लावायचा नाही,
लोणच्याच्या बरणीचं झाकण तर नाहीच नाही.
'मेल्या, बोटं तुझी नाहीत, टीमची आहेत.'
मग खोली नंबर अकरा त्याचे कपडे पाळीनं धुवायची.
बुधवार माझा.
ड्यूटीवर जाताना मास्तर त्याला
हातमोजांचे दोन जोड द्यायचे, एकावर एक घालायला.
रजिस्टरात एकच लिहायचे.

शहाऐंशीची फायनल. समोर गोदीचे मल्याळी,
ताडासारखे सहाच्या सहा.
चौदा-तेरा, सर्व्हिस आमची.
चेंडू चार वेळा जाळी ओलांडून आला-गेला.
बाहेरून मास्तरांनी कानाची पाळी ओढली:
शिवलकरला, उंच.
सगळी गोदी शिवलकरवर धावली.
शिवलकर उडाला.
आणि इदरीसनं जन्मात पहिल्यांदा
चेंडू कुणालाच दिला नाही.
दोन बोटांनी, न बघता,
जाळीपलीकडच्या वाळूत ठेवला.
ठेवला म्हणतोय मी. पडला नव्हता तो.

यावर अडतीस वर्षं भांडण चालू आहे.
नासीरभाई म्हणतो, ते दोघांचं ठरलेलंच होतं,
पाळी ओढली ती गोदीला दाखवायला.
तांडेल म्हणतो, काय सांगतोस,
ढाल घ्यायलासुद्धा मास्तर पुढं आले नाहीत,
आठवडाभर स्टोअरच्या खिडकीतून
फक्त हातमोजे बाहेर यायचे, तोंड नाही.
पण जोड किती यायचे? नासीरभाई विचारतो.
दोन, तांडेल कबूल करतो. दोनच.
शिवलकर चहा फुंकत राहतो.
गोष्ट या जागी आली की
त्याचा उजवा हात गुडघ्यावरून
वीतभर वर जातो आणि थांबतो.

मास्तर जाऊन नऊ वर्षं झाली.
इदरीस यंदा शाबानमध्ये गेला.
त्याच्या मुलाचा फोन आला होता. म्हणाला,
अब्बांनी घरात कधी बादली उचलली नाही,
अम्मी जन्मभर करवादायची,
कोण हा तुमचा मास्तर, एकदा आणा त्याला माझ्यासमोर.
शेवटच्या दिवसांत बोटं मिटेनात,
तर तीच त्यांना भाकरी कुस्करून भरवायची,
आणि तरी कुरकुरायची.

आज तांडेल पुन्हा सुरुवातीपासून सांगतोय,
नासीरभाई पुन्हा मधेच तोडतोय.
मी यात बोलत नाही.
मी हेड ऑफिसात कारकून होतो;
दर महिन्याला ते रजिस्टर तपासायला माझ्याकडं यायचं.
दर महिन्याला हातमोजे कमी भरायचे.
मी दोनदा मोजायचो,
मग लाल पेनानं लिहायचो: बरोबर.