हिरवा

किथलीत, चर्चमागच्या हॉलमध्ये
दर गुरुवारी साडेसातला
आम्ही अकरा जण जमतो, खेळण्यातल्या गाड्या घेऊन.
(खेळण्यातल्या म्हणायचं नाही. पहिला नियम.)

दुसरा मी केला, कारण अध्यक्ष मी,
आणि अध्यक्ष मी, कारण चहाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे.
वैशंपायन कुणालाच जमत नाही, म्हणून मिसेस व्ही.
नियम असा : इंजिनाबद्दल वाट्टेल ते बोला,
माणसाबद्दल नाही.

विल्फ म्हणाला, हा हिरवा तो हिरवा नव्हेच.
गॉर्डन म्हणाला, माझ्या आजोबांनी जन्मभर
हाच हिरवा पुसलाय चिंधीनं.
शब्दाला शब्द लागला
आणि विल्फ बोलून गेला :
"आता मोतीबिंदूवाल्यानं रंग सांगावेत!"

हॉल गप्प.
छोटी मालगाडी तेवढी बोगद्यातून बाहेर आली,
कुणी थांबवली नाही म्हणून फिरत राहिली.

मी ओरडले नाही.
विल्फला कप विसळायला लावले,
अकराच्या अकरा,
आणि शेजारी उभी राहून पुसत गेले.
सहाव्या कपाशी तो म्हणाला,
"एडनाच्या डोळ्यांचंही असंच सुरू झालं होतं."
मी म्हटलं, हं.

आत आलो तर गॉर्डन टेबलावर वाकलेला.
इंजिनाची एक बाजू त्याच्या हिरव्यानं ओली,
दुसरी कोरी.
ब्रश विल्फपुढे धरला, वर न बघता.

आता भांडतायत
कुठली बाजू लोकांकडे हवी यावरून.
इंजिनाबद्दलच आहे.
भांडू देत.