दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये

मुंबई नाक्याच्या पुलावर चढताना
गाडी एकदम विसरायची आपण कुठे निघालोय.
काटा तीन हजार, साडेतीन, चार,
इंजिन गळा काढायचं,
चाकं मात्र तशीच रेंगाळत,
आणि मग मागून कुणी ढकलल्यासारखा
तिसरा पडायचा.
मागे बसलेली आई म्हणायची, अगं, हळू.
मी काहीच केलेलं नसायचं.

डाव्या घोट्यात प्लेट आहे, सात स्क्रू.
क्लच जमत नाही म्हणून ही घेतली, ऑटोमॅटिक,
पाथर्डी फाट्यावरच्या डीलरकडून.
डॉक्टरीणबाईंची गाडी मॅडम, एकहाती,
अठ्ठेचाळीस हजार फक्त.
बॉनेट त्याने असं उघडलं होतं
जसं स्थळ दाखवतात.

शोरूमने काचेच्या टेबलावरून कागद सरकवला:
गिअरबॉक्स बदलावा लागेल.
एक लाख चाळीस, वर कर.
गाडीच घेतली होती दोन लाख दहाला.

वडाळा नाक्याच्या इलियास कोकणींनी
तो कागद वाचला नाही. चार घड्या घालून
डुगडुगत्या स्टुलाच्या पायाखाली सारला.
आधी चालवली, मला शेजारी बसवून,
रेडिओ बंद, एसी बंद, काचा वर.
"बोलू नका. तिला बोलू द्या."
सारडा सर्कल, द्वारका, परत पूल,
पाच वेळा तोच चढ.
"गरम झाल्यावर जास्त करते ना?
सकाळी नाही. दुपारी."
असं नेमकं मला कुणी विचारलं नव्हतं,
घोट्याबद्दलसुद्धा.

मग सपाट फरशीवर, इंजिन चालू ठेवून
डिपस्टिक काढली, पुसली, घातली, काढली.
पांढऱ्या कागदावर एक थेंब.
"नवं असतं डाळिंबाच्या रसासारखं."
हा थेंब टपरीवर दिवसभर उकळत राहिलेला चहा.
त्यांनी हुंगला, कागद माझ्या नाकाशी धरला.
करपलेल्या दुधाचं पातेलं.
"अठ्ठेचाळीस हजारांत एवढं करपत नाही."
डीलरला शिवी दिली नाही,
फक्त मीटरच्या काचेवरून
अंगठा फिरवला.

भाची तबस्सुम, आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला,
स्कॅनर मांडीवर घेऊन बसलेली.
"मामू, सोलेनॉइड दाखवतंय."
"ते मशीन म्हणतं. आता पोट काय म्हणतं बघू."

ट्रे खाली आला, काळं सांडत.
त्याच्या तळाशी एक चुंबक, बिस्किटाएवढा.
"याच्यावर पीठ असेल तर म्हातारपण.
खडे निघाले तर मयत."
मी सगळा भार डाव्या पायावर देऊन उभी होते
आणि मला ते कळलंही नव्हतं.
त्यांनी बोट फिरवलं.
पीठ.
काजळासारखं मऊ.

सोलेनॉइड पुण्याहून आला, तीन दिवसांनी, एसटीच्या पार्सलने.
करंगळीएवढा, चौदाशे रुपयांचा.
व्हॉल्व्ह बॉडीचे बोल्ट त्यांनी पुठ्ठ्यावर
ज्या जागेचे त्या जागी टोचून ठेवले होते.
"तुमच्यात किती आहेत म्हणालात?"
सात.
"इथे सतरा. तुमचं सोपं."

तेल सगळं एकदम बदललं नाही.
अर्धं आज, अर्धं हजार किलोमीटरनंतर.
जुन्या अंगाला एवढं नवं एकदम सोसत नाही, म्हणाले,
आणि हात पुसता पुसता माझ्या पायाकडे पाहिलं नाही,
याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

आता चढावर तिसरा पडतो, आईला कळतही नाही.
पण द्वारकेच्या गर्दीतून तापून सुटल्यावर
अजूनही ती अर्धा क्षण थबकते.
तेव्हा मी उजवा पाय किंचित उचलते,
पुन्हा टेकवते.
हेही त्यांनीच शिकवलं.
शंभर टक्के होईल असं ते कधीच म्हणाले नव्हते.

मीटर अजून तेच खोटं सांगतो.
पहिले अठ्ठेचाळीस हजार कुणाचे, आणि किती वेळा, माहीत नाही.
त्यापुढचे सहाशे बारा माझे.